हार्वेस्टरच्या क्लचचे बेअरिंग पुन्हा पुन्हा का जात होते

वाशिम जिल्ह्यात आमचे १४ फुटी कटरबारचे, चाकांवर चालणारे कंबाइन हार्वेस्टर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ते नवे घेतले आणि पहिल्याच सोयाबीनच्या हंगामात त्याच्या क्लचचे बेअरिंग गेले. ते बदलले, पुन्हा गेले, रब्बीत गव्हाच्या शेतातही गेले. या दुखण्याचे मूळ हाती लागून ते निस्तरेपर्यंत ऑगस्ट २०२४ उजाडला. आमच्या भागात आता गावोगाव हार्वेस्टर आले आहेत आणि हीच तक्रार मी इतर मालकांकडूनही ऐकतो, म्हणून जे जसे घडले ते मापे, खर्च आणि कागदपत्रांसह येथे लिहीत आहे.

आधी हे बेअरिंग नेमके कोणते, ते सांगतो, कारण आमच्याकडे ‘क्लचचे बेअरिंग’ या एकाच नावाने दोन वेगळ्या वस्तू ओळखल्या जातात. पहिले म्हणजे रिलीज बेअरिंग. क्लचचे पेडल दाबल्यावर ते पुढे सरकून प्रेशर प्लेटच्या, म्हणजे क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या तबकडीच्या, बोटांवर दाब देते. दुसरे क्लचच्या पुलीच्या आत बसते. आमच्या यंत्रात इंजिनाची शक्ती पट्ट्याने व्हेरिएटरकडे, म्हणजे यंत्राचा वेग कमी-जास्त करणाऱ्या पुलीकडे, आणि तेथून दुसऱ्या पट्ट्याने गिअरबॉक्सच्या पुलीकडे येते. ही पुली गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर दोन बेअरिंगांच्या आधाराने बसवलेली असून क्लच प्लेट तिच्याच पोटात असते. पेडल दाबले की पुली पट्ट्याबरोबर फिरत राहते आणि शाफ्ट थांबतो, पेडल सोडले की दोन्ही एकत्र फिरतात. आमची जात होती ती या पुलीतील बेअरिंगे. ती ६२०८ क्रमांकाची आहेत, म्हणजे आतला व्यास ४० मिमी, बाहेरचा ८० मिमी आणि रुंदी १८ मिमी.

कोणते बेअरिंग बिघडले आहे, हे क्लच न उघडताही बऱ्याच अंशी ओळखता येते. यंत्र उभे करून, गिअर न्यूट्रलला ठेवून, पेडल अगदी हळू दाबावे. सुरुवातीची मोकळी चाल संपताच आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्यावा. पेडल पूर्ण दाबले जाऊन शाफ्ट थांबल्यावरच घरघर सुरू झाली आणि पेडल सोडताच ती बंद झाली, तर पुलीतील बेअरिंग तपासावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आमच्या यंत्राचा आवाज हा असा दुसऱ्या प्रकारचा होता. आमचे चालक पंजाबातील पटियाला जिल्ह्याचे, त्यांना आम्ही सगळे पाजी म्हणतो. गिअर टाकताना दात कुरकुरायला लागले तेव्हाच त्यांनी सांगितले होते की पेडल दाबूनही शाफ्ट पूर्ण थांबत नाही, पुली त्याला ओढत आहे.

त्या वेळी रिसोडहून मिस्त्री बोलावून शेतातच बेअरिंगे बदलली. दोन बेअरिंगांचे सुमारे १,५०० रुपये आणि मजुरीचे ३,००० रुपये झाले. खरे नुकसान थांबलेल्या यंत्राचे होते. सोयाबीन सोंगणीला आले की शेतकरी थांबू शकत नाही, कारण वाळलेल्या शेंगा उभ्या पिकातच तडकतात आणि मध्येच पाऊस आला तर दाणा डागी होतो. एकरी दोन हजारांच्या आसपास दर असताना ठरलेली शेते दुसऱ्या यंत्राकडे गेली, आणि ती जाऊ नयेत असे म्हणण्याचा आम्हाला अधिकारही नव्हता. नवी बेअरिंगे त्याच महिन्याच्या अखेरीस पुन्हा वाजू लागली.

दुसऱ्या वेळी आणखी एक मिस्त्री आले. बेअरिंग शाफ्टवर हाताने सरकते आहे, असे त्यांच्या लक्षात आले, आणि आपल्याकडे सर्रास होते तेच त्यांनी केले: सेंटर पंच घेऊन शाफ्टवर सगळीकडे ठोके मारले, म्हणजे जागोजागी धातू वर उचलला जाऊन बेअरिंग घट्ट बसते. बसताना ते घट्टच बसले. पण ते टोकदार उंचवट्यांवर टेकलेले असते, सलग पृष्ठभागावर नव्हे. पट्ट्याच्या ओढीखाली ते उंचवटे थोड्याच दिवसांत दबतात आणि बेअरिंग आधीपेक्षा अधिक सैल होते. वॉरंटीच्या दृष्टीनेही हे ठोके फार महाग पडतात, ते पुढे सांगतो.

हंगाम संपल्यावर नोव्हेंबरमध्ये मी कागदपत्रांच्या मागे लागलो. विमा कंपनीच्या प्रतिनिधीने पहिल्याच भेटीत सांगितले की वाहन विम्यात अपघाताचे नुकसान धरतात, यांत्रिक बिघाड धरत नाहीत. पॉलिसीच्या अपवादांमध्ये ते स्पष्ट छापलेले आहे, त्यामुळे तेथे वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. मग विक्रेत्यामार्फत उत्पादकाकडे वॉरंटीचा अर्ज दिला. त्याला खरेदीचे बिल, चॅसिस व इंजिन क्रमांक, तास मोजणाऱ्या मीटरचे छायाचित्र, सर्व्हिसची जॉब कार्डे आणि काढलेले जुने भाग एवढे जोडावे लागले. बदललेले बेअरिंग भंगारात टाकू नये, त्यावर तारीख आणि मीटरचे तास लिहून ते पिशवीत जपून ठेवावे, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. दीड महिन्याने उत्तर आले की बेअरिंग हा झिजणारा भाग असल्यामुळे तो वॉरंटीत बसत नाही. त्याच सुमारास बँकेचा सहामाही हप्ता आला. त्या आठवड्यात घरी जेवताना कोणी फारसे बोलत नव्हते, हे मला आठवते.

मार्च २०२४ मध्ये गव्हाच्या शेतात पुली पुन्हा घरघरली. या वेळी मी शेतात दुरुस्ती करून घेतली नाही. पुली, शाफ्ट आणि जपून ठेवलेली सगळी जुनी बेअरिंगे घेऊन अकोल्याच्या एमआयडीसीत ग्राइंडिंगचे काम करणाऱ्या एका काकांकडे गेलो. मी किती वेळा बेअरिंगे बदलली ते सांगू लागलो, तेव्हा त्यांनी मध्येच विचारले, “ते राहू द्या. शाफ्टचं माप किती भरलं? पुलीचं बोअर मोजलं का कुणी?” ना शाफ्ट ना बोअर (पुलीतील बेअरिंग बसण्याचे भोक), कोणीच मोजले नव्हते.

त्यांनी प्रथम एक जुने बेअरिंग ग्राइंडरने कापून उघडले, रॉकेलने धुतले आणि भिंग माझ्या हातात दिले. आतल्या कड्याच्या धावपट्टीवर सारख्या अंतरावर फिकट, मळकट खड्डे उमटलेले होते. मी ते मोजले तर ९ भरले, आणि बेअरिंगमधील गोळ्याही ९ होत्या. प्रत्येक गोळीने आपल्या जागी बसून पोलाद खाल्ले होते. दोन खड्ड्यांच्या मधली धावपट्टी मात्र जवळजवळ नव्यासारखी चकचकीत होती. बेअरिंगच्या आतल्या बाजूला, जेथे ते शाफ्टवर बसते तेथे, गेरूसारखी तांबूस भुकटी चिकटलेली होती.

हे कसे घडते ते काकांनी समजावले, आणि त्यानंतर हा सगळा प्रकार माझ्या डोक्यात स्वच्छ बसला. बेअरिंग फिरण्यासाठी बनवलेले असते. गोळ्या फिरल्या तरच ग्रीसचा थर त्यांच्याखाली पुन्हा पुन्हा येत राहतो. आपल्या पुलीतील बेअरिंग मात्र क्लच सुटलेला असतो तेवढाच वेळ खऱ्या अर्थाने फिरते, म्हणजे वळताना आणि गिअर बदलताना. बाकीचा सगळा वेळ आतले कडे आणि बाहेरचे कडे बरोबरच फिरत असते आणि गोळ्या आपापल्या जागी अडकून राहतात. पट्टा पुलीला सतत एकाच दिशेने ओढत असतो, त्यामुळे दर फेऱ्यात प्रत्येक गोळीवर एकदा भार येतो आणि उतरतो. तीच गोळी त्याच जागी दिवसभर दाबली जाते. त्या बिंदूतून ग्रीस बाहेर ढकलले जाते, ते परत आत येत नाही, पोलादावर पोलाद अतिसूक्ष्म हालचालीने घासते आणि त्याची गंजलेली भुकटी होते. अभियंते या खुणांना फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात. बंद ठेवलेल्या विजेच्या मोटारींमध्ये, शेजारच्या यंत्राच्या कंपनाने, अशाच खुणा पडतात.

ही रचना मालकाला बदलता येत नाही. गोळीवर येणारा भार आणि तिची हालचाल कमी करणे मात्र त्याच्या हातात असते. आमच्याकडे या दोन्ही गोष्टी मर्यादेबाहेर गेल्या होत्या.

मायक्रोमीटरने शाफ्ट ३९.९४ मिमी भरला, आणि तोही पंचाच्या ठोक्यांच्या मधल्या जागी. या जागी तो ४० मिमीपेक्षा मिलिमीटरच्या २ ते १८ हजारांशांनी जास्त असायला हवा, म्हणजे बेअरिंग दाबानेच चढते आणि शाफ्टवर सरकत नाही. पुलीचे बोअर ८०.०४ मिमी भरले. ते ७९.९६ ते ७९.९९ च्या दरम्यान हवे. साध्या यंत्रात एक कडे घट्ट आणि दुसरे थोडे सैल चालते, पण येथे शाफ्ट आणि पुली दोन्ही फिरतात आणि पट्ट्याची ओढ जागेवर राहते, त्यामुळे भार दोन्ही कड्यांभोवती फिरतो आणि जे कडे सैल असेल ते आपल्या जागी हळूहळू सरकू लागते. तांबूस भुकटी त्याचीच होती. सैल शाफ्टवर नवे बेअरिंग बसवले की पहिल्या तासापासून शाफ्ट आणखी झिजत जातो, म्हणून आमचे प्रत्येक बेअरिंग आधीच्यापेक्षा लवकर गेले.

दोन्ही बाजू घट्ट केल्यावर आतले कडे किंचित फुगते आणि बाहेरचे किंचित आवळते, त्यामुळे गोळ्यांची मोकळीक कमी होते. त्यासाठी सी३ प्रकारचे, म्हणजे मुळातच जास्त मोकळीक असलेले बेअरिंग घ्यावे लागते. या मापाच्या साध्या बेअरिंगमध्ये ही मोकळीक ६ ते २० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारांश) असते, सी३ मध्ये १५ ते ३३. आमच्या पिशवीतील जुन्या बेअरिंगांपैकी काहींवर सी३ ची खूण होती, काहींवर नव्हती. दुकानात ‘६२०८ द्या’ एवढेच सांगितले की हातात येईल ते मिळते. ‘६२०८-२आरएस सी३’ असे पूर्ण सांगावे. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. सोयाबीनच्या फोलपटाच्या धुळीत पत्र्याच्या झाकणाचे बेअरिंग घेऊ नये.

पट्ट्याकडे लक्ष वळवले ते पाजींमुळे. त्यांनी सांगितले की सकाळच्या दवात ओलसर सोयाबीन घेताना पट्टा घसरत होता, म्हणून सर्व्हिसच्या वेळी तो आवळून दिला होता. अकोल्याहून परत आल्यावर आम्ही तो तपासला. व्ही-पट्ट्याचा ढोबळ नियम असा की दोन पुलींमधील मोकळ्या लांबीच्या दर १०० मिमीला, त्या पट्ट्यासाठी ठरवून दिलेल्या जोराने दाबल्यावर, सुमारे १.६ मिमी दब यावा. आमचा मोकळा पट्टा जवळपास एक मीटर आहे, तेव्हा १६ मिमी यायला हवे होते. ते ६ मिमीसुद्धा येत नव्हते. पट्टा आवळला की त्याचा सगळा भार पुलीच्या बेअरिंगवरच जातो. घसरण्याचे कारण तर वेगळेच होते. पट्टा बाजूंनी झिजून अरुंद झाला होता आणि खाचेच्या तळाला टेकत होता. तळाला टेकलेला पट्टा कितीही आवळला तरी घसरतो, कारण पकड खाचेच्या दोन तिरक्या भिंतींवर असते.

दोन पुलींच्या कडांना दोरी ताणून लावली, तेव्हा व्हेरिएटरची पुली गिअरबॉक्सच्या पुलीपेक्षा सुमारे ६ मिमी बाहेर असल्याचे दिसले. तिच्या ब्रॅकेटचे बोल्ट लांबट भोकांमधून सरकले होते. वाकड्या ओढीने दोन बेअरिंगांपैकी एकावर जास्त भार पडतो, आणि आमचे गिअरबॉक्सकडचे बेअरिंग नेहमी आधी जात होते, याचा उलगडा तेथे झाला. दोरी लावण्याचे काम दहा मिनिटांचे आहे. बेअरिंगचा आवाज येत नसला तरी हंगामाआधी प्रत्येकाने ते करावे.

शाफ्टसाठी तीन पर्याय होते. वेल्डिंगने भरून घासणे सर्वात स्वस्त, पण त्या उष्णतेने शाफ्ट वाकण्याचा धोका असतो. नवा शाफ्ट पंजाबातील नाभ्याहून मागवता आला असता, त्याला पैसे आणि वेळ दोन्ही जास्त लागले असते. आम्ही हार्ड क्रोमचा पर्याय निवडला. पंचाच्या खुणा जाईपर्यंत जागा ग्राइंड करून खाली घेतली, तिच्यावर क्रोम चढवले आणि पुन्हा ग्राइंड करून ४०.०१ मिमीवर आणली. क्रोमचे काम दुसरीकडे पाठवावे लागत असल्यामुळे तीन आठवडे गेले आणि एकूण सुमारे ५,५०० रुपये झाले. काम हातात घेताना शाफ्ट दोन टोकांवर फिरवून डायल गेजने (सूक्ष्म हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाने) तो सरळ असल्याची खात्री समोरच करून घेतली.

पुली मात्र वॉरंटीत मिळाली. एप्रिलमध्ये मी दुसरा अर्ज केला. त्यात बेअरिंगचा उल्लेख फक्त परिणाम म्हणून केला आणि मागणी शाफ्ट व पुलीची केली. सोबत ग्राइंडिंगवाल्या काकांनी त्यांच्या लेटरहेडवर लिहून दिलेली मापे, कापलेल्या बेअरिंगची जवळून घेतलेली छायाचित्रे आणि प्रत्येक बदलाच्या तारखांसह मीटरचे तास जोडले. अर्जाची पोच विक्रेत्याच्या शिक्क्यासह घेतली. मे महिन्यात त्यांचा अभियंता येऊन मोजून गेला. शाफ्टवर पंचाचे ठोके असल्यामुळे त्यात फेरफार झाला आहे, असे सांगून तो नाकारण्यात आला, पण पुलीला कोणीही हात लावलेला नव्हता आणि बोअरचे माप चुकीचे होते, म्हणून ती बदलून देण्याचे जूनच्या अखेरीस मान्य झाले. ट्रान्सपोर्टने पुली हाती यायला ऑगस्ट उजाडला. वॉरंटी चालू असताना कोणत्याही मिस्त्रीला पंच, वेल्डिंग किंवा एमरीचा कागद लावू देऊ नये, आणि लावायची वेळ आलीच तर आधी मोजून छायाचित्र काढावे. पुलीची किंमत १४,००० रुपयांच्या घरात होती, तेव्हा या पत्रव्यवहाराचे चीज झाले.

बेअरिंगे यावेळी अधिकृत वितरकाकडून, जीएसटीच्या पक्क्या बिलावर घेतली. नावाजलेल्या कंपन्यांची नकली बेअरिंगे बाजारात खरोखर असतात आणि खोका पाहून ती ओळखता येत नाहीत. काही कंपन्यांनी पडताळणीसाठी मोबाइल अॅप दिलेली आहेत, एसकेएफचे त्यांपैकी एक आहे. त्यावरून तपासूनच पैसे द्यावेत.

बसवण्याचे काम आम्ही शेतात न करता अकोल्यातच हायड्रॉलिक प्रेसवर केले. शाफ्टवर चढवताना दाब आतल्या कड्यावर आणि बोअरमध्ये बसवताना बाहेरच्या कड्यावर द्यावा लागतो, आणि दोन्ही एकाच वेळी बसत असतील तर सपाट चकतीने दोन्ही कड्यांवर. एका कड्यावर हातोडा मारून दुसरे बसवले तर तो ठोका गोळ्यांमधून जातो आणि बेअरिंग चालण्याआधीच त्यात खड्डे पडतात. सीलबंद बेअरिंग गरम करून बसवायचे असेल तर ते ८० अंशांपलीकडे तापवू नये आणि तेलात तर अजिबात बुडवू नये. वरून जादा ग्रीस भरण्याचा मोहही टाळला, कारण ते क्लच प्लेटवर उडाले की प्लेट घसरते.

पाजींशीही सविस्तर बोललो. वाशिमहून मध्य प्रदेशात गव्हाला जाताना रस्त्यावर तासन् तास पाय पेडलवर टेकून ठेवण्याची चालकांची सवय असते, आणि धुऱ्यावर वळताना अर्धा क्लच धरला जातो. त्याने रिलीज बेअरिंग आणि प्लेट दोन्ही झिजतात. त्यांनी स्वतःहून पेडलच्या मोकळ्या चालीची तपासणी रोज सकाळच्या ग्रीसिंगबरोबर सुरू केली. यंत्रावर कोठेही वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावायचा, हेही ठरवले, कारण तो लांब लावला तर वीज बेअरिंगांमधून वाट काढते आणि गोळ्यांखाली डाग पाडते.

ऑक्टोबर २०२४ चे सोयाबीन आणि त्यानंतरचा हरभरा व गहू बेअरिंगांच्या या जोडीवर निघाला. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेशातून परत आल्यावर पट्टा उतरवून पुली हाताने फिरवली, तेव्हा ती कोठेही अडखळली नाही आणि डायल गेजवर तिला हलवून पाहिल्यावर काटा जेमतेम हलला. शाफ्टच्या कडेला तांबूस भुकटी नव्हती. बाहेरच्या बेअरिंगचे सील बारीक सुईने एका जागी उचलून पाहिले, आतले ग्रीस मऊ होते. व्हेरिएटरकडचा पट्टा मात्र पुन्हा बाजूंनी झिजू लागला आहे, त्यामुळे तो आवळत न बसता सोयाबीनच्या आधी बदलण्यासाठी नवा मागवला आहे, आणि तो आला की दोरी पुन्हा लावून पाहायची आहे.